सव्वा तासावर अडकणारी बागेश्री : एका ड्युअल लेयर डीव्हीडीचं प्रकरण

मिरजेतल्या एका संगीत मंडळाने २०१२ च्या थंडीत झालेल्या बैठकीचं चित्रीकरण करून घेतलं होतं. तीन कॅमेरे, आवाज थेट मिक्सरवरून वेगळा घेतलेला, आणि संकलन झाल्यावर एकूण लांबी दोन तास दहा मिनिटं. सुरुवातीला छोटं निवेदन, मग यमन, मग बागेश्री, त्यानंतर एक नाट्यपद, एक अभंग आणि शेवटी भैरवी. मंडळाने याच्या ड्युअल लेयर, म्हणजे दोन थरांच्या, डीव्हीडी एका दुकानातून राइट करून घेतल्या आणि सभासदांना वाटल्या. आठवडाभरात तक्रारी सुरू झाल्या.

तक्रारी एकसारख्या नव्हत्या, आणि तिथेच घोळ होता. कुणाकडे बागेश्रीच्या मध्यात चित्र दोन-तीन सेकंद थिजून पुढे जात होतं. कुणाकडे ते थिजलं की थिजलंच, रिमोटचं कुठलंही बटण दाबलं तरी हलत नव्हतं, प्लेअर मागून बंद करावा लागत होता. एका ज्येष्ठ सभासदांच्या जुन्या प्लेअरला डिस्क मुळात ओळखूच येत नव्हती. आणि ज्यांनी ती कॉम्प्युटरवर लावली त्यांचं म्हणणं, आमच्याकडे तर अगदी व्यवस्थित चालते. शिवाय दुकानात राइट करतानाच बऱ्याच कोऱ्या डिस्क वाया गेल्या होत्या, त्यांचा खर्च मंडळाच्या माथी पडला होता.

दुकानाने आपल्या परीने उपाय केले होते. ब्लँकचा, म्हणजे कोऱ्या डिस्कचा, ब्रँड बदलला, राइट करायचा वेग कमी केला, लोकांना प्लेअरची लेन्स साफ करायला सांगितलं. यातला एकही सल्ला मुळात वाईट नाही. पण इथे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चालला होता. मंडळाचे चिटणीस सगळा पसारा घेऊन माझ्याकडे आले तेव्हा त्यात तीन गोष्टी होत्या : वाटलेल्यापैकी एक डिस्क, वाया गेलेल्या डिस्कची चळत, आणि संकलित मास्टर असलेली हार्ड डिस्क. ही तिसरी गोष्ट हाताशी होती म्हणूनच पुढचं सगळं शक्य झालं.

तक्रारी अनेक, ठिकाण एक

"काका, नेमकं कितव्या मिनिटाला अडकतं?" हा माझा पहिला प्रश्न होता. त्यांचं उत्तर संगीताच्या माणसाला शोभेलसं होतं : "विलंबित ऐन रंगात येतं ना, तिथंच बघा." मी त्यांना विनंती केली की ज्यांची ज्यांची तक्रार आहे त्यांच्याकडून प्लेअरवरचा आकडा टिपून आणा. दोन दिवसांनी यादी आली. चित्र क्षणभर थिजो की कायमचं थिजो, आकडा सगळीकडे सारखाच होता. सव्वा तास उलटला की पुढच्या काही सेकंदांत.

मग दुकानात फोन करून विचारलं, वाया गेलेल्या डिस्क राइट होताना कुठे अडकत होत्या? ऑपरेटरने आठवून सांगितलं, बहुतेक ५८ टक्क्यांवर.

दोन तास दहा मिनिटं म्हणजे १३० मिनिटं. त्याचे ५८ टक्के केले तर साधारण साडेपंचाहत्तर मिनिटं होतात. म्हणजे सव्वा तास आणि वर अर्धं मिनिट. राइट होताना जिथे डिस्क मरत होती आणि बघताना जिथे प्लेअर अडकत होता, ती जागा एकच होती. वेगवेगळ्या घरांतल्या वेगवेगळ्या प्लेअरनी एकाच सेकंदावर हाय खावी, हा लेन्सच्या धुळीचा प्रताप असू शकत नाही. ड्युअल लेयर डिस्कमध्ये अशी एकच जागा असते, लेयर ब्रेक, म्हणजे लेसर एका थरावरून दुसऱ्या थरावर जातो ती जागा.

थर बदलताना काय घडतं

डीव्हीडी प्लस आर डीएल या प्रकारच्या डिस्कमध्ये २,०४८ बाइटचे ४१,७३,८२४ सेक्टर असतात. म्हणजे साधारण ८.५ जीबी, साध्या ४.७ जीबी डिस्कच्या दुपटीला थोडं कमी. ही जागा दोन थरांत विभागलेली असते. लेसरला जवळचा तो थर शून्य, त्याच्या मागे थर एक. मागचा थर वाचायचा तर लेसर पुढच्यातून आरपार जायला हवा, म्हणून पुढचा थर अर्धपारदर्शक असतो.

व्हिडिओ डिस्कमध्ये थर शून्य आतून बाहेर लिहिला जातो. मग लेसर जिथे असेल तिथेच फोकस बदलून मागच्या थरावर जातो आणि तो थर बाहेरून आत येत लिहितो. या उलट्या वाटेमुळे दोन बंधनं येतात, आणि हे प्रकरण त्या दोन बंधनांचंच आहे. पहिलं, थर शून्यावरचा मजकूर थर एकवरच्या मजकुरापेक्षा कमी असून चालत नाही. दुसरं, थर शून्यात २०,८६,९१२ पेक्षा जास्त सेक्टर मावत नाहीत. याखेरीज एक बारीकशी अट अशी की ब्रेकची जागा १६ सेक्टरच्या पटीतच यावी लागते, कारण चुका दुरुस्त करणारी माहिती १६-१६ सेक्टरच्या, म्हणजे ३२ केबीच्या, गठ्ठ्यांत बांधलेली असते.

आता प्लेअरच्या बाजूने पाहू. फोकस बदलायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ डिस्कवरून नवीन माहिती येत नाही. डीव्हीडी व्हिडिओचा चित्रपट 'सेल' नावाच्या तुकड्यांत विभागलेला असतो, आणि प्रत्येक सेलबद्दलची नोंद आयएफओ फाइलमध्ये असते. त्यात एक खूण असते : हा सेल आधीच्या सेलला सलग जोडून दाखवायचा की मध्ये थांबलं तरी चालेल. ब्रेक सेलच्या सीमेवर असेल आणि ती खूण 'सलग नाही' अशी असेल, तर प्लेअर आधीचं सगळं दाखवून संपवतो, घड्याळ नव्याने लावतो आणि पुढचा सेल सुरू करतो. बघणाऱ्याला अर्ध्या-एक सेकंदाचा थांबा जाणवतो, बस. पण ब्रेक सेलच्या पोटातच पडला, तर प्लेअरच्या लेखी प्रवाह अखंड असतो आणि प्रत्यक्षात तो तुटतो. पुढची माहिती आधीच भरून ठेवायची साठवण (बफर) मोठी असलेला प्लेअर हे पचवतो, मधला अडखळतो, आणि कमकुवत प्लेअर तिथेच बसतो. तक्रारी वेगवेगळ्या का होत्या याचं उत्तर हेच. कॉम्प्युटरकडे स्मृती भरपूर असते, त्यामुळे त्याला काही पत्ताच लागत नाही. लेयर ब्रेकची परीक्षा कॉम्प्युटरवर कधीच घेऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो.

तपासणी

वाटलेली डिस्क आधी हार्ड डिस्कवर पूर्ण उतरवून घेतली. एकही वाचन-त्रुटी न येता ती उतरली. म्हणजे त्या डिस्कवरचा मजकूर शाबूत होता, ब्लँक खराब असल्याचा संशय निदान या प्रतीपुरता मिटला. मग इम्गबर्न या डिस्क राइट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कची माहिती उघडली. थर शून्याची लांबी दाखवत होती २०,८६,९१२ सेक्टर, काठोकाठ. दुकानातल्या सॉफ्टवेअरने ब्रेक कुठे घ्यायचा याचा विचारच केला नव्हता. पहिला थर भरेपर्यंत भरला आणि भरल्यावर दुसऱ्यावर उडी मारली. फायलींच्या नेहमीच्या डेटा डिस्कला हे चालतं, कारण फाइल वाचताना सेकंदभर थांबलं म्हणून काही बिघडत नाही.

हिशेब जुळतो का ते पाहिलं. चित्र आणि आवाज मिळून बिट रेट ७.५ मेगाबिट होता, तोही स्थिर, म्हणजे सेकंदाला ०.९३७५ एमबी. २०,८६,९१२ सेक्टर म्हणजे ४,२७४ एमबी. भागाकार केला की ४,५५९ सेकंद येतात, एक तास सोळा मिनिटांना एक सेकंद कमी. सुरुवातीच्या मेनूने खाल्लेली जागा वजा केली की बरोबर यादीतला आकडा.

पीजीसी-एडिट या डीव्हीडीच्या आतल्या नोंदी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सेलचा तक्ता उघडला तेव्हा उरलंसुरलं कोडं सुटलं. प्रत्येक रागाच्या सुरुवातीला एक चॅप्टर, आणि प्रत्येक चॅप्टरमध्ये एकच सेल. यमन संपून बागेश्री सुरू होते ५४ व्या मिनिटाला, आणि बागेश्री संपते दीड तासाच्या आसपास. म्हणजे ५४ पासून पुढची पस्तीसेक मिनिटं एकच अखंड सेल होता. त्याच्या पोटात, विलंबित एकतालाच्या एका आवर्तनाच्या मध्यावर, ब्रेक बसला होता.

अकरा मिनिटांची खिडकी

दुकानात चांगलं सॉफ्टवेअर असतं तर हा प्रश्न सुटला असता का? नसता. इम्गबर्नसारखं सॉफ्टवेअर योग्य सेल शोधून तुम्हाला यादी देतं, पण सेल असायला तर हवा. ब्रेक कुठून कुठपर्यंत घेता येतो याला दोन टोकं असतात. खालचं टोक म्हणजे एकूण मजकुराचा अर्धा भाग, वरचं टोक म्हणजे थर शून्याची कमाल मर्यादा. या कार्यक्रमात एकूण मजकूर होता ७,३१२ एमबी. त्याचा अर्धा भाग संपतो एक तास पाच मिनिटांवर. वरचं टोक एक तास सोळा मिनिटांवर. मधली अकरा मिनिटं, हीच खिडकी, आणि या अकरा मिनिटांत एकही सेल सुरू होत नव्हता.

डिस्क जितकी भरगच्च, तितकी खिडकी अरुंद. हाच कार्यक्रम ८.७५ मेगाबिटने एन्कोड केला असता तर डिस्क जवळपास पूर्ण भरली असती आणि खिडकी काही सेकंदांवर आली असती. जागा आहे तर वापरून टाकू, या हिशेबाने बिट रेट वर नेणाऱ्यांना ही गोष्ट कुणी सांगत नाही. चित्राचा दर्जा तुम्ही ठरवताय असं तुम्हाला वाटतं, आणि त्याच वेळी तुमच्या नकळत लेयर ब्रेकची जागाही ठरून जाते.

सर्वांत सोपा उपाय मी चिटणीसांना आधी सांगितला : दोन साध्या डिस्क करा, एकीवर यमन, दुसरीवर बागेश्री आणि बाकीचं. पण वेष्टनं एका डिस्कची छापून झाली होती. दुसरा उपाय, आवाज डॉल्बीत दाबला तर दोन तास दहा मिनिटं एका ४.७ जीबी डिस्कवरही बरी बसतात. व्याख्यान असतं, सत्कार समारंभ असता, तर मी हेच केलं असतं आणि ड्युअल लेयरच्या वाटेला गेलो नसतो. पण गाण्याचा आवाज न दाबलेल्या पीसीएममध्येच हवा, असा मंडळाचा आग्रह होता. नुसत्या आवाजालाच सेकंदाला दीड मेगाबिट लागतात. दोन तानपुरे, स्वरमंडल आणि खर्जात लागलेला गळा एकदा नीट ऐकला की हा आग्रह मला रास्त वाटतो.

तेव्हा ब्रेक यमन आणि बागेश्री यांच्यामध्ये, ५४ व्या मिनिटाला नेता आला तर? नाही येत. मग पहिला थर दुसऱ्यापेक्षा लहान होतो. कार्यक्रमाच्या आधी काही भर घालून, म्हणजे कलाकाराची मुलाखत वगैरे टाकून, ५४ वं मिनिट अर्ध्याच्या पुढे ढकलावं तर किमान १,२३८ एमबीची भर लागते, आणि एकूण बेरीज ८,५५० एमबी होते. डिस्कची क्षमता ८,५४८. दोन एमबींनी गाडी चुकते.

गाण्यात जागा कुठे आहे

इथून पुढचं काम कॉम्प्युटरचं कमी आणि कानाचं जास्त. मी चिटणीसांना शेजारी बसवून बागेश्री पूर्ण ऐकली. ते स्वतः तबला शिकलेले. खिडकीतल्या अकरा मिनिटांत त्यांनी कुठेही बोट ठेवू दिलं नाही. विलंबितात एक आवर्तन मिनिटभराचं. गायिका समेवर येते, लगेच पुढच्या आलापाला हात घालते. समेनंतर सुटी वाटणारी जी जागा आहे तिथेही तानपुरा चालूच असतो. स्वर धरलेला असताना आवाज सेकंदभर गेला तर कानाला तो धक्का बसतोच, आणि समेच्या आधी गेला तर आवर्तनच हरवतं.

पण एक तास एकोणीस मिनिटांवर विलंबित संपतं. तिथे दाद येते, टाळ्या होतात, तबलजी हातोडीने तबला ठाकूनठोकून घेतात, गायिका पाण्याचा घोट घेते आणि मग द्रुत सुरू होतं. टाळ्या सात-आठ सेकंद आहेत, आणि त्या चालू असतानाच चित्र गायिकेवरून पूर्ण मंचावर कापलं आहे. टाळ्यांना ना स्वर असतो ना मात्रा. त्या सेकंदभर तुटल्या तर गाण्याचं काही जात नाही, शिवाय चित्र तिथे तसंही बदलतंच आहे. याहून चांगली जागा त्या पूर्ण कार्यक्रमात नव्हती. अडचण एवढीच की ती खिडकीच्या बाहेर होती, तीन मिनिटांनी.

खिडकीचं वरचं टोक मात्र हलवता येतं. थर शून्यात मावणारे एमबी ठरलेले आहेत, पण त्यात मावणारी मिनिटं बिट रेटवर अवलंबून असतात. ७.५ ऐवजी ७.२ मेगाबिट धरले तरी एक तास एकोणीस मिनिटं थर शून्यात कशीबशी बसतात. कशीबशी बसवायची नव्हती. थर शून्य काठोकाठ भरला की ब्रेक डिस्कच्या अगदी कडेला येतो, आणि कोऱ्या डिस्कचा सर्वांत बेभरवशाचा भाग म्हणजे कड. रंगद्रव्याचा थर आणि दोन चकत्यांची जोडणी, दोन्ही तिथे एकसारखी राखणं सर्वांत अवघड.

म्हणून ६.८ मेगाबिट ठरवले. आता आकडे असे : एकूण मजकूर ६,६३० एमबी, त्यातले ४,०२९ एमबी थर शून्यावर आणि २,६०१ थर एकवर. खिडकी अकरा मिनिटांवरून पावणेएकोणीस मिनिटांवर गेली, एक तास पाचपासून एक तास तेवीसपर्यंत, आणि हवी ती जागा तिच्या आत आली. ब्रेकही ५८ मिलिमीटर त्रिज्येच्या काठावरून सुमारे दीड मिलिमीटर आत सरकला. आवाजाला हात लावला नाही, कपात सगळी चित्रातून झाली. मंचावर बसलेला कलाकार, मागे स्थिर पडदा, कॅमेऱ्यांची संथ हालचाल. अशा चित्रात सहाऐवजी सव्वापाच मेगाबिट दिल्याने फरक दिसतो का, ते आम्ही मोठ्या टीव्हीवर दोन्ही शेजारी लावून पाहिलं. मला दिसला नाही, त्यांनाही नाही. नृत्याचा कार्यक्रम असता तर मी इतक्या सहज हे केलं नसतं.

एन्कोड करण्याआधीच टाइमलाइनवर त्या कटावर चॅप्टरची खूण टाकली. हा क्रम महत्त्वाचा आहे. सेल हवा तिथे सुरू करता येत नाही, तो पूर्ण फ्रेमपासूनच सुरू व्हावा लागतो, आणि पाल या टीव्ही पद्धतीत सेकंदाला ज्या २५ फ्रेम असतात त्यांत अशा फ्रेम साधारण अर्ध्या सेकंदाने येतात. खूण आधी असेल तर एन्कोडर त्याच फ्रेमला फ्रेमचा नवा गट सुरू करतो. नंतर टाकली तर ऑथरिंग सॉफ्टवेअर, म्हणजे मेनू आणि चॅप्टर जोडून डीव्हीडीची रचना करणारं, ती जवळच्या गटावर ओढून नेतं, आणि कट एकीकडे व ब्रेक दुसरीकडे असं होतं. शिवाय या खुणेमुळे द्रुत बंदिशीला स्वतंत्र चॅप्टर मिळाला, तो सभासदांना आवडलाच.

इमेज आणि राइट

ऑथरिंग झालेलं व्हिडिओ_टीएस फोल्डर इम्गबर्नला दिलं. लेयर ब्रेक निवडायच्या चौकटीत आता आमचा सेल दिसत होता. तो १६ च्या पटीत नेमका बसावा म्हणून सॉफ्टवेअर गरजेप्रमाणे आधी रिकामे सेक्टर सोडून पुढचं सगळं सरकवतं, ते काम आपल्याला करावं लागत नाही. 'सलग' ही खूण तिथे काढून टाकली. इमेज, म्हणजे पूर्ण डिस्कची एका फायलीतली प्रत, तयार झाल्यावर पीजीसी-एडिटमध्ये पुन्हा उघडून ती खरोखर निघाली आहे हे पाहिलं, कारण संपूर्ण दुरुस्ती त्या एका बिटावर उभी होती.

जुन्या प्लेअरला डिस्क ओळखू न येण्याचा प्रश्न वेगळा आणि सोपा होता. डिस्कवर तिचा प्रकार नोंदलेला असतो, आणि राइट करता येणाऱ्या ड्युअल लेयर डिस्क बाजारात आल्या त्या २००४ साली. त्याआधीच्या प्लेअरना हा प्रकार माहीतच नाही. प्लस आर डिस्कमध्ये ही नोंद राइट करताना डीव्हीडी-रॉम, म्हणजे कारखान्यात छापलेली डिस्क, अशी बदलता येते, रायटरची साथ असेल तर. आमच्या रायटरची होती. डॅश आर प्रकारात ही सोय नाही, म्हणून व्हिडिओसाठी मी ड्युअल लेयरमध्ये नेहमी प्लस घेतो.

राहिला प्रश्न वाया जाणाऱ्या ब्लँकचा. थर बदलताना रायटरला थांबावं लागतं, दुसऱ्या थरावर फोकस पकडावा लागतो, आणि आत्ताच लिहिलेल्या थरातून आरपार जाऊन लिहायला लेसरची शक्ती नव्याने बेतावी लागते. रायटर आणि ब्लँक यांचं जमत नसेल तर ते इथेच उघडं पडतं. आम्ही व्हर्बेटिमच्या, एमकेएम असा उत्पादकाचा कोड दाखवणाऱ्या डिस्क घेतल्या, रायटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत केलं आणि ४ एक्स वेग ठेवला. कोड वेष्टनावर नसतो, डिस्क आत घातल्यावर सॉफ्टवेअरमध्ये दिसतो, आणि खरेदी त्याच्यावरूनच ठरवावी.

एक गोष्ट इथे मुद्दाम सांगायला हवी. थर एकवरचा मजकूर थर शून्यापेक्षा १,४२८ एमबींनी कमी होता. ती उरलेली जागा रायटर डिस्क बंद करताना स्वतःहून भरून काढतो, आणि ४ एक्स वेगाने त्याला चार मिनिटांवर वेळ लागतो. तोवर पट्टी शंभर टक्क्यांवर गेलेली असते आणि खाली 'फायनलाइज' एवढंच दिसत राहतं. सॉफ्टवेअर हँग झालं असं समजून माणसं इथे बटण दाबून डिस्क बाहेर काढतात. वाया गेलेल्या चळतीतल्या काही डिस्कवर मला शेवटपर्यंत मजकूर दिसला, पण त्या बंद झालेल्या नव्हत्या. त्यांचं असंच झालं असावं असा माझा अंदाज आहे.

पडताळणी

पहिली प्रत निघाल्यावर ती कॉम्प्युटरवर फक्त त्रुटी तपासायला लावली. खरी परीक्षा सभासदांच्या घरी झाली, आणि मुद्दाम ज्यांच्याकडे आधी अडकली होती त्यांच्याकडेच. पद्धत अशी : एक तास चौदा मिनिटांपासून सलग लावायचं आणि काही न दाबता एकोणीसच्या पुढे जाऊ द्यायचं. चॅप्टरचं बटण दाबून थेट द्रुतावर उडी मारली तर प्लेअर तसाही नव्याने सुरुवात करतो, त्यातून ब्रेकबद्दल काहीच कळत नाही. सलग गेल्यावर मग एकदा मागे आणून तोच भाग उलट-सुलट ओलांडून पाहायचा.

क्षणभर थिजणाऱ्या प्लेअरवर टाळ्यांत एक बारीक खंड पडला, तोही सांगितल्यावरच कळण्याजोगा. कायमचा थिजणारा प्लेअर सेकंदभर थांबला आणि मंचाच्या पूर्ण चित्रावर पुढे सुरू झाला. ज्येष्ठ सभासदांच्या जुन्या प्लेअरने डिस्क ओळखली. त्याला थर बदलायला इतरांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, टाळ्या मध्येच थांबल्यासारख्या वाटतात. ते कमी करणं डिस्कच्या हाती नाही, त्या प्लेअरच्या यंत्रणेची ती गती आहे. कारखान्यात छापलेल्या दोन थरांच्या डिस्कवरही तो तिथे तेवढाच रेंगाळतो, हे त्यांच्याच संग्रहातली एक डिस्क लावून आम्ही पाहून घेतलं.

टाळ्यांच्या जागी आवाज उतरवत नेऊन काळा पडदा टाकावा, म्हणजे थांबा पूर्ण झाकला जाईल, अशी एक सूचना आली होती. मी ती मानली नाही. तानपुरा तिथे चालू आहे, विलंबिताचा स्वर द्रुतात जाताना त्याच्याच आधाराने जातो. यंत्राच्या सोयीसाठी बैठकीचा तो दुवा तोडायचा नव्हता. अर्ध्या सेकंदाचा खंड परवडला.

पुढच्या प्रती मंडळ सवडीने काढणार होतं, कदाचित दुसऱ्या दुकानातून. म्हणून हार्ड डिस्कवर आयएसओ फाइलच्या (हीच ती इमेज) शेजारी एमडीएस फाइलही ठेवली आणि चिटणीसांच्या वहीत लिहून दिलं की राइट करताना एमडीएस उघडायची, आयएसओ नव्हे. ब्रेक कुठे घ्यायचा हे एमडीएसमध्ये नोंदलेलं असतं. नुसत्या आयएसओत ती नोंद नसते, आणि एखादं साधं सॉफ्टवेअर थर शून्य पुन्हा काठोकाठ भरून मोकळं होतं. नव्या एन्कोडिंगमध्ये तो काठ एक तास तेवीस मिनिटांवर येतो, द्रुताच्या तानांमध्ये. पडताळणीसाठी वहीत एकच आकडा दिला आहे : राइट झालेल्या डिस्कची माहिती उघडल्यावर थर शून्य २०,८६,९१२ दाखवत असेल तर ती प्रत वाटायची नाही. १९ लाखांच्या घरात असेल तर एक तास चौदापासून लावून पाहायची आणि मग द्यायची.